ओढ्यावर थांबणारी मोटार

दहिवली, कर्जत
ता. १२ नोव्हेंबर १९३१

अब्दुलभाईस धाकट्या बहिणीचा सलाम.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर इथं कोणीच खुशाल नाही. तुझे मेहुणे आठवडाभर मोटारीच्या खाली निजलेले असतात आणि बाहेर आले की माझ्यावर ओरडतात. मोटार तुझ्या पेढीतून आली, म्हणजे ती माझ्या माहेरची, असं त्यांचं म्हणणं. माहेरच्या वस्तूचा मला आता वीट आला आहे.

मोटार घेऊन अडीच महिने झाले नाहीत. एवढ्यात ती वाटेत अकरा वेळा बंद पडली. सकाळच्या गाडीने उतरलेली माणसं कर्जत स्टेशनावरून खालापूरच्या कचेरीत पोचवायची आणि संध्याकाळी परत आणायची, एवढंच काम. निघताना ती नवरीसारखी निघते. चढ लागला की तोंडातून वाफ, मग खडखड, मग मुकाट. माणसं उतरून झाडाखाली बसतात आणि ह्यांचं नाव घेऊन काय बोलतात ते मला इथे दारात बसून कळतं. आमची जुनी मोटार आठव. तिला छप्पर कमी आणि दोऱ्या जास्त होत्या, पण लडकूच्या हाताखाली ती दोन वर्षं तक्रार न करता चालली.

लडकू तुला ठाऊक नसेल. आमचा ड्रायव्हर. ठाकुरवाडीचा ठाकर. घाटात विजेच्या तारा टाकत होते तेव्हा कंत्राटदाराच्या लॉरीवर माल चढवायला होता. बघून बघून चालवायला शिकला, परीक्षा देऊन लायसन काढलं. त्यांच्या वाडीत आजवर कोणी चाकाला हात लावला नव्हता. त्याला ठेवायचं ठरलं तेव्हा आमचे चुलतसासरे म्हणाले होते की रानातल्या माणसाच्या हाती इंजिन देऊ नका, आपल्यातला कोणी बघा. मी आतून सांगितलं, हाच राहील. त्यामुळे आता मोटार बंद पडली की लोक दोघांची तोंडं बघतात, त्याचं आणि माझं. चुलतसासरे तर रोज संध्याकाळी मुद्दाम चक्कर मारून विचारतात, आज कुठे बसली.

मोटार लडकू पोरीसारखी पुसतो. इंजिनाच्या बाजूला तुमच्या पेढीच्या नावाची पितळी पट्टी आहे ना, जिथं कोणाची नजर जायची नाही तिथं, तीसुद्धा तो चिंच लावून घासतो. असा माणूस गाडी बिघडवेल का? बिघाड गाडीतच आहे. तू पेढीतला माणूस आहेस, तू विकलीस, तूच बघ.

तय्यबा


मुंबई, डोंगरी
ता. २० नोव्हेंबर १९३१

चि. तय्यबा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. लहानपणी अम्माशी भांडायचीस तो स्वभाव लग्नाला पंधरा वर्षं होऊनही गेला नाही.

नवीन यंत्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. नवा जोडा चावत नाही का? आपली मोटार उत्तम आहे. मी स्वतः निवडून दिली. मालकांशी बोललो आहे, पुढच्या आठवड्यात पेढीचा मिस्त्री येऊन तपासून जाईल. बद्रुद्दीनना सांग की तोवर त्यांनी स्वतः पाने फिरवू नयेत, त्याने पेढीची हमी राहत नाही.

एक विचारतो, राग मानू नकोस. तुमचा तो ड्रायव्हर गाडी कशी हाकतो, काय घालतो, कुठे थांबवतो, हे मला सविस्तर लिही. दहा तक्रारी येतात त्यातल्या नऊ गाडीच्या नसतात, हाताच्या असतात. लॉरीवर शिकलेला माणूस उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारीला चालेलच असं नाही.

इथे मंदीने माणसं हवालदिल आहेत. पेढीत गिऱ्हाईक फिरकत नाही. तुम्ही मोटारवाले तरी सुखी आहात.

तुझा भाई
अब्दुल


दहिवली
ता. ४ डिसेंबर १९३१

अब्दुलभाईस सलाम.

तुमचा मिस्त्री आला. मोटार दारात उभी होती, तशी उभीच त्यानं तपासली. चालू केली, बंद केली, टायरला लाथ मारली. मग मटण चांगलं झालं आहे असं सांगून दोनदा वाढून घेतलं आणि मोटार ठणठणीत असल्याचा कागद लिहून दुपारच्या गाडीनं गेला. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी चढावर बंद पडली की तिला वाचून दाखवणार होते.

ती वेळ परवाच आली. मोटारीत चिमा नावाची म्हातारी होती. नवऱ्याच्या मागं दिरानं जमीन बळकावली, म्हणून तिचा दावा चालू आहे. तारखेसाठी सहा महिने थांबली होती. मोटार चढावर बसली. तिनं अर्धा तास वाट पाहिली, मग गाठोडं डोक्यावर घेऊन चालत निघाली. पोचली तेव्हा पुकारा होऊन गेला होता. संध्याकाळी ती आमच्या दारात आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, तुमची मोटार नवी हाय ना? मी हो म्हटलं. ती मान हलवून गेली. अब्दुलभाई, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

स्टेशनावरचे टांगेवाले आता लडकूला ऐकू जाईल असं बोलतात. ठाकराला बैल हाकायला ठेवायचा, मोटार नव्हे. तो ऐकतो आणि खाली बघून काच पुसत राहतो. ही मोटार नीट झाली नाही तर त्याची भाकरी जाईल, आणि नुसती भाकरी नाही. त्यांच्या वाडीतून पुन्हा कोणाला कर्जतात चाकाला हात लावू देणार नाहीत. हे त्याला कळतं, मला कळतं. तुला कळावं म्हणून लिहिते.

तू विचारलंस तो कसा हाकतो. हाकतो जपून, स्वतःपेक्षा मोटारीला जास्त जपतो. वाटेत तीन ओढे लागतात, तिन्ही ठिकाणी मोटार थांबवतो आणि डबा भरून रेडिएटरात पाणी ओततो. त्यांच्या वाडीची रीत आहे, जनावर तहानलेलं असताना माणसानं घोट घ्यायचा नाही. हा मोटारीलाही तसंच करतो. आधी तिला पाजतो, मग स्वतः पितो. उतारू हसतात. खालापूरच्या एका वकिलानं विचारलं, हिला वैरण केव्हा घालतोस? हे मी तुला कौतुकानं लिहिते. जीव लावणारं माणूस पैसे टाकून मिळत नाही.

आता तू सांग, बिघाड कशात आहे?

तय्यबा


मुंबई
ता. ११ डिसेंबर १९३१

चि. तय्यबास आशीर्वाद.

बिघाड सापडला. तुझ्याच पत्रात सापडला.

चढ चढून मोटार येते तेव्हा इंजिन चुलीवरच्या तव्याइतकं तापलेलं असतं. इंजिन बिडाचं. तापलेल्या बिडावर ओढ्याचं गार पाणी पडलं की ते तडकतं. एकदा नव्हे, रोज तीनदा! कंपनीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे की इंजिन तापलेलं असताना गार पाणी घालू नये. तुमच्या लडकूला वाचता येत नाही, त्याचा दोष नाही, पण मोटार म्हणजे बैल नव्हे हे तरी कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं. माझी खात्री आहे की आत कुठेतरी बारीक तडा गेला आहे, आणि तो या माणसाच्या हातून गेला आहे.

आता पेढी हमी मानणार नाही, आणि मालकांपुढे मला बोलायला जागा उरली नाही. तुझ्या भल्यासाठी सांगतो, त्या माणसाला आजच्या आज काढा. उशीर केलात तर उरलेलं इंजिनही जाईल. माझ्या ओळखीचा मुंबईचा ड्रायव्हर आहे, साहेबांकडे राहिलेला. त्याला पाठवून देतो.

हे पत्र बद्रुद्दीनना वाचून दाखव. त्या माणसालाही दाखव, म्हणजे आपल्यावर अन्याय झाला असं त्याला वाटणार नाही.

अब्दुल


दहिवली
ता. २ जानेवारी १९३२

अब्दुलभाईस सलाम.

तू सांगितलंस तसं केलं.

तुझं पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. हे होते, चुलतसासरे होते, आणि पायरीखाली लडकू उभा होता. पुस्तकात छापलंय इथवर आले तेव्हा त्यानं मान वर केली. मला इतका राग आला होता, भाई, की काय सांगू. चार महिने मी ह्याच्यासाठी सगळ्यांशी तोंड वाजवलं आणि ह्यानंच रोज तीनदा माझी मोटार फोडली. आणि मी ते कौतुकानं लिहिते काय, मिरवते काय! चुलतसासरे नुसते मिशीत हसले. ते हसणं मला झोंबलं आणि मी ते लडकूवर काढलं. म्हटलं, "जनावर आणि इंजिन यातला फरक तुला कळला नाय. तुझ्यापायी मला खाली बघावं लागलं."

त्यानं किल्ली आणि पुसायचं फडकं पायरीवर ठेवलं. मग ह्यांना म्हणाला, "शेट, ती बरी व्हईल ना?" हे म्हणाले, बघू. तो गेला.

तुझा साहेबांकडचा ड्रायव्हर आला आहे. डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा. ओढ्यांकडे तो ढुंकून बघत नाही. सकाळी एकदा पाणी भरतो आणि खालापूरला जाऊन थांबतो. पहिल्याच दिवशी तीनदा बंद पडली. तो म्हणतो आधीच्या माणसानं करून ठेवलेलं आहे, ते निस्तरायला वेळ लागेल. बाजारात आता हेच सगळे म्हणतात. भाजीवालीसुद्धा मला सांगते की ठाकरानं मोटार फोडली. कालपरवापर्यंत हीच त्याच्याकडून रोज खालापूरला टोपल्या फुकट पोचवून घेत होती.

लडकूला टांगेवाल्यांनी कामाला विचारलं नाही, वखारीतही घेतलं नाही. तो वाडीवर गेला असं कळतं.

मला वाटलं होतं त्याला काढलं की माझा राग जाईल. गेला नाही. मोटार सुधारली असती तर कदाचित गेला असता. पेढीला सांगून आतला तडा तरी नीट करून दे.

तय्यबा


दहिवली
ता. २७ जानेवारी १९३२

अब्दुल,

माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. रमजान चालू आहे आणि मला रोजा आहे, म्हणून हात आवरून लिहिते. नाहीतर काय लिहिलं असतं ते तुला ठाऊक आहे.

शनिवारी मोटार चढावर अशी बसली की चाकही फिरेना. इंजिन जाम. टोपीवाला तिथंच तिला सोडून मिळेल त्या गाडीनं मुंबईला पळाला. ह्यांनी चार बैल लावून मोटार दहिवलीला ओढून आणली. नव्या मोटारीला बैल जोडलेले सगळ्या कर्जतानं पाहिले.

हे रेल्वेच्या शेडमधल्या फिटरला घेऊन आले. म्हातारा माणूस, तीस वर्षं घाटाच्या इंजिनांवर काम केलेला. त्यानं मोटार चालू केली नाही, टायरला लाथ मारली नाही. इंजिनावरून नुसता हात फिरवला. पितळी पट्टीपाशी हात थांबला. त्यानं विचारलं, पेढीचं नाव इथं खाली कशाला लावलंय? आणि पट्टीचे स्क्रू काढले.

पट्टीखाली काय निघालं ते लिहिते. बिडाला वीतभर लांब तडा. त्यावर लोखंडाचा पत्रा आठ स्क्रूंनी बसवलेला. कडा शिशानं भरलेल्या. त्या सगळ्यावर हिरवा रंग, आणि त्या रंगावर तुमची पट्टी. फिटरनं रंग खरवडून स्क्रू दाखवले. रंगाच्या आत गंज होता. म्हणाला, हे डागकाम वर्षाच्या आत झालेलं नाही. आम्ही मोटार घेतली त्याला पाच महिने झालेत, अब्दुल.

तो म्हणाला, इंजिन तापलं की ही फट उघडते आणि पाणी वाफ होऊन जातं. गार झालं की मिटते, म्हणून दारात उभ्या गाडीत काही दिसत नाही. हिच्यात पाणी राहणारच नव्हतं, पहिल्या दिवसापासून. मग त्यानं ह्यांना विचारलं की एवढे महिने ही चालली कशी. वाटेत कोणी पाणी भरत होतं का? हे म्हणाले, आधीचा ड्रायव्हर दर ओढ्यावर भरायचा. फिटर म्हणाला, त्याच माणसानं ही जगवली. त्याला काढलात आणि महिन्यात इंजिन मेलं.

मी दाराच्या आड उभी होते. तो माणूस ती पट्टी रोज चिंचेनं घासत होता.

मला एकच सांग. तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढं लिही. मंदी, मालक, हमी, पुस्तक, यातलं एक अक्षर नको.

तय्यबा


मुंबई
ता. ११ फेब्रुवारी १९३२

तय्यबा,

ईदेला तुझं कार्ड येईल असं वाटलं होतं. आलं नाही, ते बरोबरच आहे.

हो. माहीत होतं.

तू एवढंच लिही म्हणालीस, पण एवढंच लिहून मला झोप लागणार नाही. ही मोटार आधी दुसऱ्याला विकली होती. त्यानं दोन महिन्यांत पुलाच्या कठड्यावर घातली आणि पेढीला परत दिली. मालकांनी डागून रंगवून ठेवली. वर्षभर ती मागच्या खोलीत कापडाखाली होती. मग पेढीतली दोन माणसं कमी करायचं ठरलं. मालकांनी मला बोलावून सांगितलं की ती मोटार नवी म्हणून खपव, तुझी जागा राहील.

दुसऱ्या गिऱ्हाइकालाही ती दाखवता आली असती. पण परका माणूस बॉनेट उघडतो, मिस्त्री घेऊन येतो. बद्रुद्दीन उघडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी निवडून दिली म्हटल्यावर ते दुसरं काही विचारणार नाहीत. म्हणून त्यांना दिली. यापेक्षा वाईट मला लिहिता येत नाही, कारण यापेक्षा वाईट मी काही केलेलं नाही.

पाण्याचं मी रचलं. तुझ्या पत्रात ओढे वाचले आणि मला सुटल्यासारखं झालं. पुस्तकात ते छापलेलं आहे, ते खोटं नाही. ते कुठे लावायचं हे मी ठरवलं. तो माणूस मी कधी पाहिलेला नाही, त्यामुळे सोपं गेलं.

मी नोकरी सोडली आहे. दुसरं इंजिन बसवून द्यायला मालक कबूल झाले आहेत, मी सगळं बाहेर सांगेन म्हटल्यावर. बद्रुद्दीनना मी वेगळं लिहीत आहे. तू काय म्हणशील ते ऐकायची तयारी आहे.

अब्दुल


दहिवली
ता. १६ फेब्रुवारी १९३२

अब्दुल,

ऐकायची तयारी आहे म्हणतोस, तर ऐक. तुझ्या नोकरीचं आणि इंजिनाचं मला काही सांगू नकोस. ते तू आणि हे बघून घ्या.

काल मी ह्यांना घेऊन ठाकुरवाडीला गेले. घाट चढणारी गाडी तिथं थांबते. उतरून डोंगराच्या कडेनं वाडीवर गेलो. लडकू कोळशाची भट्टी लावत होता. अंगावर इतका काळा थर की मी आधी ओळखलंच नाही. मंगळीनं, त्याच्या बायकोनं, आम्हाला बसा म्हटलं नाही. ती म्हणाली की वाडीत आता कोणी लडकूच्या हाती बैलही देत नाही. मोटार फोडली ती ह्यानं, असं खाली कर्जतातून वर आलं, आणि ज्याच्या हातून एवढं मोठं लोखंड फुटतं त्याच्या हाती मुकं जनावर कोण देईल? तिचा बाप पोशा वाडीतला जुना माणूस. तो जावयाशी बोलत नाही.

मी लडकूला सगळं सांगितलं. पट्टी, तडा, पत्रा, फिटर. ह्यांनीही सांगितलं. तो ऐकत होता आणि भट्टीवर माती थापत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "नाय, बाय. माज्याच हातून झालं. मुंबईच्या सायबानं लिवलंय. पुस्तकात छापलंय."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही भल्या, म्हणून असं सांगायला आलात. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, अब्दुल. तुझ्या कागदावर ठेवला. तो कागद मीच मोठ्यानं वाचला होता ना, मग माझं आताचं बोलणं त्याच्यापुढं काय टिकणार? दोन महिने तो माणूस भट्टीपाशी बसून रोज तेच घोकतो आहे की आपण मोटार मारली.

तू ये. पत्र पाठवू नकोस, माणूस पाठवू नकोस. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ठाकुरवाडीला उतर. पोशापुढं, मंगळीपुढं, सगळ्या वाडीपुढं तुझ्या तोंडानं सांग. आला नाहीस तर मला भाऊ नाही असं मी समजेन, आणि हे मी संतापात लिहिलेलं नाही. संताप काल वाडीवरून उतरताना संपला. उरलंय ते दुसरं काहीतरी आहे.

तय्यबा


दहिवली
ता. ३ मार्च १९३२

अब्दुलभाईस सलाम.

आलास, बोललास. त्याबद्दल तुझं कौतुक करणार नाही, पण भाई लिहिते आहे, त्यावरून समज. पोशानं ऐकू आलं नाही म्हणून तुला तीनदा बोलायला लावलं. त्याचे कान उत्तम आहेत, हे मंगळीनं मला मागाहून सांगितलं. तिसऱ्या वेळी तू पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलास तेव्हा मला वाईट वाटलं, आणि पुरे असं मात्र वाटलं नाही. तुला जेवायला थांब म्हटलं नाही, तेही मुद्दामच.

परवा लडकू दहिवलीला आला. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. मी समजले कामावर यायचं सांगायला आला. नवं इंजिन बसलं आहे हे ह्यांनी त्याला दाखवलं. त्यानं बघितलं, हात लावला नाही. ओसरीखाली उभा राहिला, मागच्या वेळी उभा होता तिथंच.

मग तो मला पाण्याचं सांगायला लागला. तापलेल्या बैलाला लगेच पाणी पाजलं तर बैल मरतो, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आधी जू काढायचं, सावलीत वारा खाऊ द्यायचा, नाकपुड्या शांत झाल्या की मग पाजायचं. मोटारीलाही तो तसंच करत होता. ओढ्यावर थांबला की आधी झाकण उघडून वाफ जाऊ द्यायचा, एक विडी संपेपर्यंत बसायचा, मग थोडं थोडं ओतायचा. गार पाणी तापलेल्या इंजिनात त्यानं एक दिवसही घातलं नव्हतं. तुझ्या पुस्तकात छापलेलं त्याला कोणी वाचून न दाखवताही ठाऊक होतं. मी तुला लिहिलं की पाणी ओततो. थांबून ओततो हे लिहिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, त्या दिवशी हे का बोलला नाहीस. तो म्हणाला, पुस्तकात छापलंय एवढंच कळलं. वाटलं आपण थांबत होतो ते कमी पडलं असेल, दोन विड्या थांबायला हवं होतं. मग म्हणाला, "बाय, मोटार तुमच्या दारात हुती. मी बी दारात हुतो. तुमी मुंबैला लिवलंत. मला का नाय इचारलंत?"

मी म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, ते झालंच. पण तो तिथून हलला नाही. त्याला माझं चुकलं म्हणणं नको होतं, उत्तर हवं होतं.

चार महिने मी तुला पत्रं लिहिली, भाई. एकेका बिघाडाचा पाढा वाचला, तुझ्यावर आग पाखडली, मालकावर, मिस्त्रीवर, टोपीवाल्यावर, त्याच्यावर. त्याची बाजू घेऊन किती भांडले आणि त्याच्यावर किती उलटले. या सगळ्यात त्याला हाक मारून एकदाही विचारलं नाही की लडकू, तू काय करतोस. माझ्या मनातही आलं नाही. तू तरी त्याला कधी पाहिलं नव्हतंस. माझ्याकडे तीही सबब नाही.

उत्तराची वाट बघून तो गेला. कामावर येणार की नाही ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड राहिलं नाही.

तय्यबा